दोन तीरांवरचे नार्वे

जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारख्या गावांचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्यास घाट उतरून गोव्यात जाणे भाग पडते. पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाणारा हा तालुका १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु राज्यांच्या आजच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वी कित्येक शतके, घाटावरील ‘पलसिगे बारा हजार’ आणि घाटाखालील ‘कोंकण नऊशे’ हे दोन्ही प्रांत गोव्याच्या कदंबांच्या एकाच छत्राखाली होते. पलसिगे म्हणजे खानापूर तालुक्यातील आजची हलसी. जुन्या कन्नडातील शब्दारंभीचा ‘प’ कालांतराने ‘ह’ झाला, जसे ‘पाल्’चे ‘हालु’ (दूध). त्याच नियमाने पलसिगेची हलसिगे आणि पुढे हलसी झाली.

या कदंबांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्याचे मूळ स्थान मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावरील नार्वे गावी होते. तेथील तळी पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम गेलो. देऊळ तेथे नाही. आहे ती केवळ कोटितीर्थ या नावाची तळी : जांभ्या दगडाची घडण, पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या आणि भिंतींत ओळीने कोरलेले देवळीवजा कोनाडे. संस्कृतात जिला पुष्करिणी म्हणतात, कन्नड मुलखात जी कल्याणी होते, तिला येथील माणूस ‘तळी’ म्हणतो. मराठीतील ‘तळे’ नपुंसकलिंगी, कोकणीतील ‘तळी’ स्त्रीलिंगी. आमच्या सीमाभागात एकाच घरात दोन्ही रूपे ऐकू येतात आणि कोणी कोणाला दुरुस्त करीत नाही.

देवळावर पहिला घाला चौदाव्या शतकात बहमनी अमलात पडला. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने लिंगाची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ जमीनदोस्त केले. लिंग विहिरीच्या रहाटाला लावले होते व भाविकांनी ते रातोरात नदीपार नेले, असे लोक सांगतात. ते कसेही असो. देव पलीकडच्या तीरावर, आजच्या डिचोली तालुक्यात, पोर्तुगीज हद्दीबाहेर गेला हे निश्चित. तळी मात्र उचलून नेता येत नाही. ती अलीकडेच राहिली. पलीकडच्या गावाचे आधीचे नाव हिंदळे होते आणि देवामागोमाग ‘नार्वे’ हे नावही तिकडे गेले, अशी परंपरा आहे. आज दोन्ही तीरांवर नार्वे आहे. ग्रामनामांच्या अभ्यासकाला याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल, कारण येथे नाव जमिनीला नव्हे, देवाला बांधलेले दिसते.

पलीकडच्या नार्व्यात आज उभे असलेले देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या जीर्णोद्धाराचे. दारावरील देवनागरी शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी अशी मिती आहे, म्हणजे इ. स. १६६८ चा नोव्हेंबर. लेखाची भाषा संस्कृत असून त्यात शिवराजाच्या आज्ञेने देवालयाचे काम आरंभिल्याचे नमूद आहे. राज्याभिषेक होण्यास अद्याप सहा वर्षे होती आणि राज्यव्यवहारकोश तर त्याहूनही पुढचा. हे ध्यानी घेता, या दोन-तीन शब्दांचे वजन केवळ धार्मिक नाही, असे आम्हांस वाटते. समोर दीपस्तंभ, मग सभामंडप, त्यावर कौलांचे उतरते छप्पर आणि गाभाऱ्यावर अष्टकोनी बैठकीचा ठेंगणा घुमट. हा मंडप कदंबशैलीचा नव्हे. घुमटात मुसलमानी वळण आहे, सभामंडपात युरोपीय. ज्यांनी देव उखडला त्यांच्याच बांधकामाची छाया त्याच्या नव्या घरावर पडावी, हे प्रथम विचित्र वाटते. पण गवंडी जवळपासचेच असणार, आणि हात जे जाणतो तेच बांधतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवा शासनाने या देवळाचे नूतनीकरण पूर्ण करून ते पुन्हा खुले केले.

कदंब कोणाचे, कन्नडिगांचे की मराठी-कोकणी भाषकांचे, हा प्रश्न आमच्या भागात चढ्या आवाजात विचारला जातो. विचारणाऱ्यांनी त्यांचे सोन्याचे नाणे पाहावे. एका बाजूस सिंह. दुसऱ्या बाजूस, सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने लाभलेले राज्य असे सांगणारी ओळ : शब्द संस्कृत, लिपी नागरी, आणि शेवटी ‘मलवरमारि’ हे कन्नड वळणाचे बिरुद. याच राजांचे हलसीचे लेख बाराव्या शतकातले आहेत. ज्यांना या वारशातून एकच भाषा वेगळी काढून घ्यायची आहे, त्यांना आधी ते नाणे तोडावे लागेल.

दिवाडीच्या नार्व्याहून डिचोलीच्या नार्व्यास फेरीबोटीने जाता येते. वाट अवघ्या काही मिनिटांची. गोकुळाष्टमीस स्नानासाठी भाविक जमतात ते देवाच्या तीरावर, नदीकाठी.