फुटबॉलमध्ये तात्पुरती हकालपट्टी : पिवळ्या आणि लाल कार्डामधील रिकामी जागा

लंडनच्या वेम्बली मैदानावर ११ जुलै २०२१ रोजी युरो २०२० स्पर्धेचा अंतिम सामना १-१ अशा बरोबरीत होता आणि निर्धारित वेळ संपत आली होती. इंग्लंडचा तरुण खेळाडू बुकायो साका चेंडू घेऊन निसटू पाहत असतानाच इटलीचा कर्णधार जॉर्जिओ किएलिनी याने मागून त्याच्या जर्सीची कॉलर पकडली आणि त्याला खाली खेचले. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले. नियमाच्या चौकटीत ही शिक्षा योग्यच होती. इंग्लंडला फ्री किक मिळाली, मात्र हुकलेली चाल परत मिळाली नाही. पुढे इटलीने पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२ अशी बाजी मारत विजेतेपद पटकावले.

जाणूनबुजून केलेल्या अशा आगळिकीला इशारा पुरेसा आहे का, हा प्रश्न त्यानंतर वारंवार विचारला गेला. गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूला काही मिनिटांसाठी मैदानाबाहेर बसवावे, म्हणजेच त्याची तात्पुरती हकालपट्टी करावी, हा प्रस्ताव त्यातूनच पुन्हा ऐरणीवर आला. क्रीडाविश्वात ही पद्धत ‘सिन-बिन’ या नावाने ओळखली जाते.

दोन कार्डांची व्यवस्था

फुटबॉलमधील शिक्षेची आजची रचना १९७०च्या मेक्सिको विश्वचषकापासून रूढ झाली. त्यापूर्वी पंच तोंडी समज देत असत. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रात्तीन याला पश्चिम जर्मनीचे पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी बाहेर काढले. दोघांना परस्परांची भाषा कळत नव्हती आणि रात्तीन बराच वेळ मैदान सोडण्यास तयार नव्हता. या गोंधळानंतर इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांना वाहतूक दिव्यांवरून रंगीत कार्डांची कल्पना सुचली. भाषेची अडचण त्याने दूर झाली.

शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू पुढच्याच क्षणी खेळू लागतो. लाल कार्ड मिळालेल्याचा संघ उरलेला सामना एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. या दोन टोकांच्या मधे काहीही नाही. अनेक स्पर्धांमध्ये ठरावीक संख्येने पिवळी कार्डे साठली की खेळाडूवर एका सामन्याची बंदी येते. परंतु त्या बंदीचा लाभ ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाला नव्हे, तर पुढच्या सामन्यातील तिसऱ्याच प्रतिस्पर्ध्याला मिळतो. तात्पुरत्या हकालपट्टीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. ज्या सामन्यात चूक झाली, त्याच सामन्यात तिची भरपाई व्हावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

नियम काय सांगतो

फुटबॉलचे नियम ठरवण्याचा अधिकार १८८६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड अर्थात ‘इफॅब’ या संस्थेकडे आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संघटनांना प्रत्येकी एक आणि जागतिक महासंघ ‘फिफा’ला चार मते आहेत. कोणताही बदल मंजूर होण्यासाठी आठपैकी किमान सहा मते लागतात. म्हणजेच फिफाच्या संमतीविना नियम बदलू शकत नाही आणि एकट्या फिफालाही तो बदलता येत नाही.

इफॅबने २०१७ मध्ये युवा, ज्येष्ठ, दिव्यांग आणि तळागाळातील फुटबॉलसाठी तात्पुरत्या हकालपट्टीला मुभा दिली. राष्ट्रीय संघटनांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. पहिल्यात प्रत्येक पिवळ्या कार्डासोबत खेळाडू बाहेर जातो. दुसऱ्यात आधी निश्चित केलेल्या काही गुन्ह्यांपुरतीच ही शिक्षा लागू होते. शिक्षेचा कालावधी सामन्याच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के असतो, म्हणजे ९० मिनिटांच्या सामन्यात साधारण १० मिनिटे. पंच पिवळे कार्ड दाखवून दोन्ही हातांनी बाहेर बसण्याच्या जागेकडे निर्देश करतात. खेळाडू बाहेर गेल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला की वेळ मोजण्यास आरंभ होतो. शिक्षा संपेपर्यंत त्याच्या जागी बदली खेळाडू उतरवता येत नाही. मध्यंतरापूर्वी ती पूर्ण झाली नाही, तर उरलेली मिनिटे उत्तरार्धात भोगावी लागतात.

इंग्लंडमधील अनुभव

या मुभेचा व्यापक उपयोग इंग्लंडने केला. तेथील फुटबॉल असोसिएशनने २०१७ पासून दोन वर्षे ३१ लीगमध्ये प्रयोग राबवला. पंचांशी शाब्दिक किंवा हावभावांतून घातलेली हुज्जत एवढ्याच गुन्ह्यासाठी खेळाडूला १० मिनिटे बाहेर बसवले जात होते. संघटनेने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार हुज्जतीचे प्रकार ३८ टक्क्यांनी घटले. त्यानंतर २०१९-२० च्या हंगामापासून तळागाळातील सर्व स्तरांवर ही पद्धत लागू झाली.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ टक्केवारीत नाही. स्थानिक सामन्यांत पंच बहुधा एकटा असतो. त्याच्या मदतीला कॅमेरे नसतात, सुरक्षारक्षक नसतात. शिवीगाळ असह्य होऊन पंचांनी शिट्टी कायमची खाली ठेवली, तर सामनेच होऊ शकत नाहीत. हुज्जतीसाठी लाल कार्ड देणे पंचाला जड जाते आणि पिवळ्याला खेळाडू जुमानत नाही. दहा मिनिटे संघाबाहेर बसावे लागले, की त्याला शांत व्हायला वेळ मिळतो आणि सहकाऱ्यांचा रोष पंचाऐवजी त्याच्याकडे वळतो.

वरच्या स्तरावरील अडथळा

नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडन येथील बैठकीत इफॅबने वरच्या स्तरावरही चाचण्या घेण्यास अनुकूलता दर्शवली. हुज्जतीबरोबरच डावपेचाचा भाग म्हणून केलेल्या विशिष्ट आगळिकींचाही त्यात समावेश होता. इंग्लंडच्या संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी मार्क बुलिंगहॅम यांनी त्यावेळी किएलिनी-साका प्रसंगाचाच दाखला दिला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या शिक्षेसाठी निळे कार्ड येणार असल्याचे वृत्त प्रसिद्ध होताच वादळ उठले. युरोपीय महासंघ ‘युएफा’चे अध्यक्ष अलेक्झांडर चेफेरिन यांनी कल्पनेला कडाडून विरोध केला. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्टिनो यांनीही उच्च स्तरावर निळे कार्ड आणण्यास स्पष्ट नकार दिला. २ मार्च २०२४ रोजी स्कॉटलंडमधील लॉक लोमंड येथे झालेल्या वार्षिक सभेनंतर हा विषय पुन्हा खालच्या स्तरावरील चाचण्यांपुरता मर्यादित झाला. कार्डाचा रंग बदलण्याची कल्पनाही नवी नव्हती. युएफाचे तत्कालीन अध्यक्ष मिशेल प्लातिनी यांनी २०१४ मध्ये हुज्जतीसाठी पांढऱ्या कार्डाची सूचना केली होती.

इतर खेळांत काय घडते

भारतीय प्रेक्षकांना ही शिक्षा अपरिचित नाही. हॉकीत हिरवे कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटे, तर पिवळे कार्ड मिळालेला किमान पाच मिनिटे बाहेर बसतो. कबड्डीतही पिवळ्या कार्डासाठी दोन मिनिटांचे निलंबन आहे. मुळात बाद झालेला गडी संघाने गुण मिळवताच परत येतो, हेच कबड्डीचे सूत्र असल्याने संख्याबळाचा चढउतार त्या खेळाच्या अंगवळणी पडला आहे. रग्बीत पिवळे कार्ड म्हणजे १० मिनिटांची हकालपट्टी होय.

मात्र एक खेळाडू कमी असलेला संघ काय करतो, याचा धडाही हॉकीनेच दिला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास याला १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. भारतीय संघ त्यानंतर ४० मिनिटांहून अधिक काळ दहा खेळाडूंसह खेळला, चिवट बचावाच्या जोरावर त्याने १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये ४-२ असा विजय मिळवला.

फुटबॉलमध्येही हेच घडेल, अशी विरोधकांची भीती आहे. दहा मिनिटांसाठी एक खेळाडू गमावलेला संघ आक्रमण सोडून गोलसमोर भिंत उभी करील, चेंडू बाहेर घालवील आणि घड्याळाकडे डोळे लावून बसेल. दुसरी अडचण गोलरक्षकाची आहे. त्याला बाहेर पाठवले, तर मैदानातीलच एखाद्या खेळाडूला हातमोजे चढवावे लागतील. तिसरी अडचण निर्णयाची. कोणती आगळीक ‘डावपेचाची’ आणि कोणती केवळ उशिरा पडलेली झेप, हे ठरवताना पंचांवर नवे ओझे पडेल आणि जी हुज्जत थांबवायची, तिलाच नवे निमित्त मिळेल.

एक उत्तर पुरेसे नाही

प्रत्यक्षात दोन वेगळे प्रश्न एकाच नावाखाली चर्चिले जात आहेत. हुज्जत हा वर्तनाचा प्रश्न आहे. ती ओळखणे तुलनेने सोपे आहे आणि तळागाळात या शिक्षेचा परिणाम दिसून आला आहे. डावपेचाची आगळीक हा भरपाईचा प्रश्न आहे. तेथे शिक्षेची गरज पटणारी असली, तरी व्याख्या अजून धूसर आहे. वरच्या स्तरावर हुज्जतीसाठी सौम्य पर्यायही पुढे आला आहे. युरो २०२४ मध्ये निर्णयाबाबत पंचांशी बोलण्याची मुभा केवळ कर्णधाराला देण्यात आली; इतरांनी पंचांना घेरल्यास पिवळे कार्ड, असा दंडक होता.

त्यामुळे हुज्जतीपुरती तात्पुरती हकालपट्टी खालून वर, एकेक स्तर चढत न्यावी आणि डावपेचाच्या आगळिकीसाठी आधी नेमकी व्याख्या निश्चित करावी, हा क्रम अधिक सुरक्षित ठरतो. तोपर्यंत पिवळ्या आणि लाल कार्डामधील जागा रिकामीच राहील. मोठ्या स्पर्धांत तिची किंमत साकासारख्या एखाद्या खेळाडूला मोजावी लागेल. छोट्या मैदानांवर मात्र ती एकट्या उभ्या असलेल्या पंचाला दर आठवड्याला मोजावी लागते.