विदा केंद्रे : महाराष्ट्रातील विस्तार आणि परिणाम
संगणकीय माहिती साठवणाऱ्या व अहोरात्र चालणाऱ्या यंत्रागारांना विदा केंद्र (डेटा सेंटर) म्हणतात. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये देयव्यवहारांची माहिती देशातच ठेवण्याचा आदेश दिल्यावर मागणी वाढली. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागत असल्याने ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात ही केंद्रे एकवटली. राज्याच्या 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना सवलती आहेत. बंदिस्त शीतकरणामुळे पाणी कमी लागते, असे समर्थक सांगतात. केंद्राच्या आवारापुरते ते खरे आहे. पण केंद्राला लागणारी वीज औष्णिक असेल, तर तिच्या निर्मितीलाही पाणी लागते. 2015 मध्ये पाण्याअभावी मराठवाड्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद पडले होते. म्हणून नांदेड-पूर्णा लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या मराठवाड्यातील गावांचाही या पाण्याच्या हिशेबाशी संबंध पोचतो.

दुसरा दावा रोजगाराचा. बांधकामाच्या काळात मजूर पुष्कळ लागतात, हे नाकारता येत नाही. केंद्र सुरू झाल्यावर मात्र मोजके तंत्रज्ञ उरतात आणि पहारा, सफाई ही कामे बहुधा कंत्राटी असतात. तेव्हा सवलती गुंतवणुकीच्या आकड्यावर नव्हे, कायम नोकऱ्यांवर ठरायला हव्यात. नियमनातली उणीव याहून गंभीर आहे. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत विदा केंद्राचा स्वतंत्र वर्ग नाही; 20,000 चौरस मीटरपासूनचे बांधकाम म्हणून ते तपासले जाते. त्या तपासणीचा मुख्य निकष बांधलेले क्षेत्रफळ हाच आहे.