१२. शून्यभार बिंदू

१२. शून्यभार बिंदू : धातूच्या ऑक्साइडच्या कणावरील धन आणि ऋण भार ज्या सामूला (पीएच) समसमान होतात, तो सामू. पाण्यात अशा कणांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट तयार होतात. सामू या बिंदूच्या खाली असला, की ते प्रोटॉन घेतात व कण धनभारित होतो. वर असला, की प्रोटॉन सोडतात व कण ऋणभारित होतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा हा बिंदू ६ च्या, तर ॲल्युमिनियम व झिंक ऑक्साइडचा ९ च्या आसपास असतो. नमुन्यानुसार आकडा थोडा बदलतो. नॅनोकणांचे (१ ते १०० नॅनोमीटर) वजन नगण्य असल्याने ते पाण्यात सुटे राहणार की गोळा होणार, हे मुख्यतः या भारावर ठरते. बिंदूजवळ परस्परांना दूर लोटणारे बल संपते आणि कणांचे पुंजके होतात.

भार घालवून कण एकत्र आणण्याचे हेच तत्त्व उल्हास नदीचे पाणी घेणाऱ्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या मोहिली व बारावे येथील जलशुद्धीकरण केंद्रांत दिसते. पावसाळी गढूळ पाण्यातील मातीचे कण ऋणभारित असल्याने तरंगत राहतात. तुरटीपासून पाण्यात तयार होणारी धनभारित ॲल्युमिनियम संयुगे तो भार घालवतात आणि गाळ खाली बसतो. कल्याणच्या पुढे खाडीत समुद्राच्या पाण्यातील क्षार भाराचा प्रभाव दाबतात, म्हणून तेथेही गाळ खाली बसतो.