एका लॉर्डचे दोन दगड

१८७१ साली दक्षिण आफ्रिकेत डी बिअर बंधूंच्या शेतातल्या टेकाडावर हिरे सापडले. बघता बघता टेकाड गेलं आणि तिथे खड्डा उरला. वरचा पिवळा, ठिसूळ थर उपसून झाल्यावर खाली निळसर, टणक दगड लागला. हिरे संपले, असं समजून अनेकांनी आपले हक्क मिळेल त्या किमतीला विकले. पण पिवळा थर म्हणजे निळ्याचाच ऊनपावसानं कुजलेला माथा होता, आणि हिरे निळ्यातही होते. ज्यांनी धीर धरून विकत घेतलं, ते गब्बर झाले.

शेताचं डच नाव वसाहतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांना ना लिहिता येई, ना उच्चारता, असं सांगतात. १८७३ साली खड्ड्याभोवतीच्या वस्तीला त्यांचंच नाव दिलं गेलं. पुढे १८८७ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक हेन्री कार्व्हिल लुईस यांनी गावावरून त्या निळ्या दगडाला ‘किंबर्लाइट’ म्हटलं. त्यानंतर कित्येक दशकं हिऱ्याचा खडक म्हणजे किंबर्लाइट, असंच समीकरण होतं.

‘लॅम्प्रोइट’चा जन्म असा गाजावाजात झाला नाही. पॉल निग्ली यांनी १९२३ मध्ये पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरपूर असलेल्या काही दुर्मीळ ज्वालामुखी खडकांना हे नाव दिलं. ते अभ्यासकांच्या कपाटात राहिलं. १९४० मध्ये वेड आणि प्रायडर यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अशा खडकांचं सविस्तर वर्णन केलं. तो प्रदेशही किंबर्लीच! १८८० पासून त्याला त्याच लॉर्डसाहेबांचं नाव आहे.

हिरे शोधणारे तिथे पोचले ते किंबर्लाइटच्या खुणा घेऊन. त्यातली एक खूण म्हणजे मॅग्नेशियमयुक्त इल्मेनाइट हे खनिज, आणि लॅम्प्रोइटमध्ये ते क्वचितच सापडतं. जुन्या खुणांवर विसंबून चालणार नव्हतं. तरी १९७९ मध्ये तिथल्याच लॅम्प्रोइटमध्ये अर्गाइलचा हिऱ्यांचा साठा हाती लागला. बहुतेक हिरे बारीक आणि तपकिरी. त्यांना पैलू पाडायचं काम मोठ्या प्रमाणावर सुरतेकडे आलं. मात्र जगातल्या गुलाबी हिऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच खाणीचे. २०२० मध्ये ती बंद झाली.

दोन्ही खडक खोल प्रावरणातून आलेले, सिलिका कमी असलेले आणि ऑलिव्हिन या खनिजाची साथ लाभलेले. (सगळेच लॅम्प्रोइट नव्हेत, हिरे देणारे बहुधा ऑलिव्हिनवाले.) किंबर्लाइटमध्ये कार्बन डायऑक्साइडचा जोर असतो, म्हणून त्यात कार्बोनेट सापडतं. त्याची ज्वालामुखी नळी गाजरासारखी खाली निमुळती होत जाते. लॅम्प्रोइटमध्ये कार्बोनेट जवळजवळ नसतं, पोटॅशियम मात्र उतू जातं. त्याचं विवर तोंडाशी पसरट आणि उथळ. हिरा यांपैकी कुणीच घडवत नाही. तो दीडशे किलोमीटरहून खोल आधीच तयार असतो, हे दोघे फक्त वाहक. अर्गाइलचे हिरे तर त्यांना वर आणणाऱ्या खडकाहून कोट्यवधी वर्षांनी जुने आहेत.

आपल्याकडे मध्य प्रदेशात पन्न्याजवळ मझगवाँची खाण आहे. तिथला सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा खडक दीर्घकाळ किंबर्लाइट म्हणून गणला गेला. १९८०च्या दशकाअखेर त्याला लॅम्प्रोइट ठरवण्यात आलं. मग काही संशोधकांना तो आफ्रिकेतल्या अभ्रकयुक्त ‘ऑरेंजाइट’च्या जवळचा वाटला, तर काहींनी ‘मझगवानाइट’ हे वेगळंच नाव सुचवलं. एका खाणीपुरतं नवं कूळ काढणं मला पटत नाही. पण जुन्या दोन्ही कुळांत त्याची खनिजं नीट बसत नाहीत, हेही खरं.