'शिनोबी'ची कुळकथा

जपानी लिपीत वर तलवारीचे पाते आणि खाली हृदय अशी मांडणी करून एक अक्षर सिद्ध होते. त्याचा देशी उच्चार 'शिनोबु', अर्थ सोसणे आणि दडून राहणे, तर चिनी वळणाचा उच्चार 'निन्', ज्यावरून 'निंजा' हा शब्द जगभर गेला. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनी भाषेत नेणाऱ्या पंडितांना 'क्षान्ति' या शब्दाला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा त्यांनी हेच अक्षर योजले. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसेच्या पाठोपाठ जिचे नाव येते, ती ही क्षान्ति.

१९८७ साली सेगा या जपानी कंपनीने नाणे टाकून खेळायच्या आपल्या एका यंत्राला 'शिनोबी' हे नाव दिले. 'जो मुसाशी' नावाचा निंजा 'झीड' या टोळीने पळवलेल्या मुलांना सोडवतो, एवढेच त्याचे कथानक. परंतु युताका सुगानो यांनी रचलेल्या या खेळात त्याच्या नावातल्या सोसण्याच्या गुणालाच जागा नव्हती. शत्रूचा नुसता धक्का लागला तर जो मुसाशी मागे ढकलला जाई. मात्र गोळीचा किंवा तलवारीचा एकच घाव बसला की लाईफ गेली. टप्प्याला तीन मिनिटांची मुदत, आणि शेवटच्या पाचव्या मोहिमेत तर नवे नाणे टाकून खेळ पुढे चालू ठेवण्याचीही सोय नाही. ही कठोरता जमाखर्चातून आलेली होती, कारण एका नाण्याचा खेळ जितका लवकर आटपेल तितके दुकानदाराचे उत्पन्न अधिक. तरीही या सक्तीतून जी शिस्त निर्माण झाली ती मला फार सुंदर वाटते. पेटाऱ्यामागे बसून डोकावणारा बंदूकधारी, ढालीने शुरिकेन (निंजाची फेकायची पाती) परतवणारा तलवारबाज, प्रत्येकाची चाल ओळखून, नेमक्या क्षणी वरच्या मजल्यावर झेप घेऊन पुढे सरकणारा खेळाडू पाहिला म्हणजे तो खेळत नसून पाठांतर म्हणत आहे असा भास होतो.

१९८८ साली हा खेळ सेगाच्याच मास्टर सिस्टीम या घरगुती यंत्रावर आणण्याची तजवीज झाली, तेव्हा मोठी अडचण उभी राहिली ती ऐपतीची. मूळ यंत्राचा ६८००० हा प्रोसेसर १० मेगाहर्ट्झच्या गतीने चाले. घरच्या यंत्रात होता साधा झेड-८०, सुमारे साडेतीन मेगाहर्ट्झचा, आणि त्याच्या पडद्यावर एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलती चित्रे उमटतच नसत. चित्रे लहान झाली, रंग उतरले, गर्दी विरळ झाली. परंतु रूपांतरकारांनी एवढ्यावर न थांबता खेळाचा अंतःस्वभावच बदलला. जी कॅसेट (आपल्याकडची मुले तिला हेच म्हणत) पुरी किंमत मोजून विकत आणली, तिच्यापुढे नाण्याचा तगादा निरर्थक. तेव्हा एका घावाच्या मृत्यूऐवजी जोला शक्तीची पट्टी मिळाली, म्हणजे घाव सोसण्याचे सामर्थ्य मिळाले. पळवलेल्या मुलांची सुटका मूळ खेळात सक्तीची होती. येथे ती ऐच्छिक झाली, पण सोडवलेल्यांपैकी काही जण नवे शस्त्र देत, काही खचलेली शक्ती भरून देत. निंजाची जादू मूळ यंत्रात दर टप्प्याला एकदा आपसूक मिळे. येथे ती मधल्या कसोटीत, समोरून अंगावर येणाऱ्या निंजांवर शुरिकेन फेकून, कमवावी लागे.

 

मूळ यंत्रापुढे घडवलेले पाठांतर उराशी धरून बसलेल्यांना या सवलती भेसळ वाटल्या असतील, तर त्यांचे दुःख मी समजू शकतो. पण माझे मत रूपांतराच्या बाजूने पडते. १९८९ च्या अखेरीस जपानात मेगा ड्राइव्ह या सेगाच्या नव्या घरगुती यंत्रासाठी या खेळाचा पुढचा भाग 'द सुपर शिनोबी' निघाला. त्या यंत्रात मूळ आर्केडचाच ६८००० प्रोसेसर होता, त्यामुळे दुबळेपणाची सबब उरली नव्हती. तरी तो घडवणाऱ्या नोरियोशी ओबा यांनी जो मुसाशीची शक्तीची पट्टी त्याच्याकडेच राहू दिली.