जवसाच्या दाण्याचा रंग

जवसाचा दाणा बहुधा एक तर तपकिरी असतो, नाही तर पिवळा. हा फरक टरफलात असतो. टरफलाच्या बाहेरच्या थरात पाणी लागताच बुळबुळीत होणारा चिकट पदार्थ असतो, तर आतल्या एका थरात टॅनिनचं रंगद्रव्य. रंगद्रव्याचा हा थर कोरा राहिला, की आतली पिवळट डाळ आरपार दिसते आणि दाणाच पिवळा वाटतो.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात 1919 मध्ये प्राध्यापक झालेल्या टीने तामेस यांनी जवसाच्या अनुवंशाचा पद्धतशीर अभ्यास केला. फुलाचा रंग ठरवणारे काही घटक दाण्याचा रंगही ठरवतात. संकरातल्या पांढऱ्या फुलांच्या झाडांची संख्या मेंडेलच्या नियमाने यावी त्याहून कमी का येते, याचं कारण तामेस यांना पांढरी फुलं देणाऱ्या बियांच्या दुबळेपणात सापडलं. रंग आणि बियांचा जोम यांची गाठ तेव्हाच दिसू लागली होती.

शेतकऱ्याला ही गाठ मळणीत भोवते. पिवळ्या दाण्याचं टरफल सहसा पातळ असतं. टरफलाचा वाटा कमी म्हणून तेलाचं प्रमाण जास्त. तेलगिरण्यांना हे हवंच असतं. पण मळणीयंत्राच्या माऱ्याने हेच टरफल तडकतं. चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही, मात्र पेरल्यावर जमिनीतली बुरशी त्यातून आत शिरते, कोंब कुजतो आणि शेतात रोपं विरळ उगवतात. अमेरिकेतल्या कल्बर्टसन आणि कोमेडाल या संशोधकांनी 1956 मध्ये टरफलाचा रंग, तेल आणि दाणा तडकणं यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गुणामुळे तेल वाढतं आणि उगवण घटते, ही पैदासकारांची खरी अडचण होती. म्हणूनच केवळ जास्त तेलावर विसंबून पिवळं वाण निवडणं धोक्याचं ठरतं.

पुढे दाण्याच्या रंगाला वेगळंच काम मिळालं. ऑस्ट्रेलियात संशोधक ॲलन ग्रीन यांनी 1986 मध्ये जवळजवळ लिनोलेनिक आम्ल नसलेलं जवस जाहीर केलं. रंग-वार्निशाच्या तेलात हे आम्ल भरपूर लागतं, कारण त्यामुळेच तेल वाळतं. खाद्यतेलात मात्र ते टिकाऊपणा घालवतं. दोन प्रकारचा माल मिसळला, तर दोन्ही कामांना निरुपयोगी. म्हणून कॅनडात खाद्यतेलाच्या या वाणांना पिवळ्याच दाण्याची अट घातली गेली, कारण नजरेने माल वेगळा ओळखता येत होता. ही खूण त्या बाजारापुरतीच खरी होती: उत्तर डकोटातलं ओमेगा हे वाण पिवळं असूनही त्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल भरपूर आहे.