नाव आणि शिळा : जपानमधील स्थळदर्शनाच्या परंपरेचा एक विचार

१

जपानी भाषेत प्रसिद्ध व प्रेक्षणीय स्थळासाठी जो जुना शब्द आजही प्रचारात आहे, तो 'मेइशो' हा होय. चिनी लिपीतील दोन अक्षरांनी तो लिहिला जातो. पैकी पहिल्याचा अर्थ 'नाव' व दुसऱ्याचा 'ठिकाण' असा आहे. हीच अक्षरे पूर्वी देशी उच्चाराने 'नादोकोरो' अशी वाचीत; त्यातही 'ना' म्हणजे नाव आणि 'तोकोरो' म्हणजे ठिकाण. मराठीतील 'प्रेक्षणीय स्थळ' हा शब्दप्रयोग पाहण्याच्या क्रियेवर आधारलेला आहे. जपानी शब्दात पाहण्याचा उल्लेखच नाही. ज्याला नाव आहे ते स्थळ, एवढेच तो सांगतो.

हा केवळ व्युत्पत्तीचा योगायोग नव्हे. जपानमधील स्थळदर्शनाचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, तेथे अनेक स्थळांचे नाव आधी प्रसिद्ध झाले व त्या नावास अनुरूप असे स्थळ मागाहून शोधले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातन वस्तूंच्या संरक्षणाचे कायदे होऊ लागले आणि वस्तूच्या खरेपणाचा प्रश्न नावापासून वेगळा होऊन उभा राहिला. नाव खरे की वस्तू खरी, हा वाद तेव्हापासूनचा आहे. ईशान्य जपानमधील तागा येथील एका शिळेच्या आधारे या वादाचे स्वरूप पाहण्याचा येथे उद्देश आहे.

२

हेइआन काळात, म्हणजे नवव्या ते बाराव्या शतकात, राजधानी क्योतो येथील दरबारी कवींनी ज्या स्थळनामांचा काव्यात वारंवार उपयोग केला, त्यांना 'उतामाकुरा' अशी संज्ञा मिळाली. 'उता' म्हणजे काव्य आणि 'माकुरा' म्हणजे उशी. काव्याने ज्यावर मान टेकावी असे ते नाव. प्रत्येक नावाशी एखादा ऋतू, एखादे फूल किंवा एखादी भावना संकेताने जोडलेली असे. कवीने ते स्थळ पाहिलेले असावे अशी अपेक्षा नसे. संकेत ठाऊक असणे पुरेसे होते.

मिनामोतो नो तोरू (८२२–८९५) हा दरबारी सरदार ईशान्येकडील शिओगामा या सागरकिनाऱ्याच्या नावावर इतका लुब्ध होता की, त्याने राजधानीतील आपल्या वाड्याच्या उद्यानात त्या किनाऱ्याची प्रतिकृती रचली आणि समुद्राचे पाणी आणवून तेथे मीठ भाजविले, असे परंपरा सांगते. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेला भिक्षू-कवी नोइन याच्याविषयीची आख्यायिका याहून बोलकी आहे. शिराकावा हे ईशान्य प्रांताच्या सीमेवरील नाके. वसंतात राजधानी सोडून शरदात तेथे पोहोचल्याच्या आशयाची एक कविता नोइनने रचली. परंतु घरबसल्या केलेली अशी कविता लोकांत आणणे त्याला बरे वाटेना. म्हणून तो काही काळ घरात दडून राहिला, उन्हात तोंड रापवून घेतले आणि मग आपण दूर प्रवास करून आल्याचे भासवून ती प्रसिद्ध केली. नोइन प्रत्यक्षात ईशान्येस गेला होता, असेही अभ्यासकांचे मत आहे. तथापि आख्यायिकेचे महत्त्व तिच्या सत्यतेत नाही. स्थळ न पाहता त्याचे वर्णन करणे हे संमत असले, तरी ते पाहिले असल्याचा आव आणणे आवश्यक वाटू लागले होते, हे तिच्यावरून दिसते. नाव आणि प्रत्यक्ष स्थळ यांतील अंतराची जाणीव येथे प्रथम स्पष्ट होते.

३

हे अंतर स्वतःच्या पायांनी मोजण्याचा प्रयत्न मात्सुओ बाशो याने केला. १६८९ साली सोरा या शिष्यासह तो एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, ईशान्येकडे निघाला. या प्रवासावर आधारलेले 'ओकु नो होसोमिचि' हे पुस्तक बाशोच्या मृत्यूनंतर १७०२ साली छापून प्रसिद्ध झाले. प्रवासाचा मार्ग बव्हंशी जुन्या काव्यनामांच्या अनुरोधाने आखलेला होता. शिराकावा येथे पोहोचला तेव्हा नाके केव्हाच मोडीत निघाले होते. सोराची रोजनिशी १९४३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून असे कळते की, दोघांनी रूढ मार्गावरील सीमास्थान पाहिले आणि मग जुन्या नाक्याचे म्हणून सांगितले जाणारे दुसरे ठिकाण शोधीत ते आडवाटेने गेले. नाव एक व त्याच्या जागा दोन, अशी ही स्थिती होती. पुढे १८०० साली तेथील अधिपती मात्सुदाइरा सादानोबु याने यांपैकी दुसरी जागा हीच खरी असा निर्णय करून तेथे शिलास्तंभ उभारला. एकोणीसशे साठच्या सुमारास तेथे उत्खनन झाले आणि १९६६ साली ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली.

तागा येथे बाशोला आलेला अनुभव याच्या उलट होता. तागा हा आठव्या शतकातील तटबंदीयुक्त शासकीय गड. आजच्या सेंदाइ शहराच्या जवळ त्याचे अवशेष आहेत. तेथील सुमारे दोन मीटर उंचीची एक कोरीव शिळा सतराव्या शतकात प्रकाशात आली होती, आणि लोक तिला 'त्सुबो नो इशिबुमि' म्हणू लागले होते. 'इशि' म्हणजे दगड, 'फुमि' म्हणजे लेख. हे नाव काव्यात फार जुने होते. बाराव्या शतकातील एका काव्यशास्त्रीय ग्रंथात अशी कथा आली आहे की, ईशान्येच्या मोहिमेवर गेलेला सेनापती साकानोउए नो तामुरामारो याने धनुष्याच्या टोकाने एका दगडावर 'जपानचा मध्य' अशा अर्थाची अक्षरे कोरली, तोच हा लेख. कवींनी दूरस्थ व अज्ञात अशा गोष्टीसाठी हे नाव वापरले होते.

बाशोने शिळेवरील मजकूर अंशतः उतरून घेतला आणि तिच्यापुढे त्याचे डोळे भरून आले. जुन्या काव्यात गायिलेली इतर स्थळे काळाच्या ओघात संदिग्ध झाली असताना येथे मात्र सहस्र वर्षांची निःसंशय साक्ष आपल्यासमोर उभी आहे, असे त्याला वाटले. ज्या नावाने तो शिळेकडे आला होता, ते नाव मात्र तिचे नव्हतेच.

४

शिळेवरील लेख स्वतः काय सांगतो? शिरोभागी 'पश्चिम' या अर्थाचे एकच मोठे अक्षर आहे. त्याखाली तागा गडापासूनची अंतरे दिली आहेत: राजधानीपर्यंत १५०० री, एमिशि लोकांच्या सीमेपर्यंत १२० री, हिताचि प्रांताच्या सीमेपर्यंत ४१२ री, शिमोत्सुके प्रांताच्या सीमेपर्यंत २७४ री आणि आशियाच्या मुख्य भूमीवरील मोहे लोकांच्या सीमेपर्यंत ३००० री. री हे अंतराचे तत्कालीन माप होय. त्यानंतर असा मजकूर येतो की, हा गड इसवी सन ७२४ या वर्षी ओनो नो आझुमाहितो याने स्थापिला आणि ७६२ साली फुजिवारा नो आसाकारि याने त्याची दुरुस्ती केली. तामुरामारोचे किंवा 'जपानचा मध्य' या शब्दांचे नावही तेथे नाही. बाशोने शिळा सम्राट शोमूच्या काळातील मानली; हे ७२४ या वर्षास लागू पडते, ७६२ ला नाही.

याच काळात मितोचा अधिपती तोकुगावा मित्सुकुनि, ज्याच्या आश्रयाखाली जपानच्या इतिहासाचे मोठे संकलन चालू होते, त्याने सेंदाइच्या दाते त्सुनामुरा यास पत्र लिहून शिळेवर छप्पर उभारण्याचा सल्ला दिला. एका बाजूस कवी तिला काव्यनाम म्हणून वंदन करीत होते, तर दुसऱ्या बाजूस इतिहाससंशोधक तिला साधन म्हणून जपू पाहत होते. दोन्ही दृष्टी एकाच शिळेवर एकाच वेळी स्थिरावलेल्या होत्या.

अठराव्या शतकाच्या अखेरीस छापील सचित्र स्थळवर्णने निघू लागली आणि कवींपुरते असलेले स्थळदर्शन सामान्य वाचकाच्या आटोक्यात आले. १७८० साली आकिसातो रितो याने लिहिलेले व ताकेहारा शुनचोसाइ याने चित्रित केलेले क्योतोचे 'मियाको मेइशो झुए' हे या प्रकारातील पहिले मोठे यश. एदो नगरीचे असेच वर्णन साइतो घराण्याच्या तीन पिढ्यांनी सिद्ध केले आणि ते १८३४ ते १८३६ या काळात प्रसिद्ध झाले. या ग्रंथांत देवळांची दंतकथा, जुन्या कविता, बाजार व सण हे सारे एकाच मालिकेत येते, आणि नामशेष झालेल्या स्थळांनाही स्थान मिळते. नाव शिल्लक आहे तोवर स्थळ शिल्लक आहे, हीच जुनी धारणा येथेही दिसते.

५

१८६८ च्या राज्यक्रांतीनंतर ही धारणा टिकणे कठीण झाले. शिंतो व बौद्ध उपासनास्थाने परस्परांपासून अलग करण्याचा हुकूम त्याच वर्षी निघाला आणि त्याच्या पाठोपाठ अनेक ठिकाणी बौद्ध मठांची मोडतोड झाली, मूर्ती व ग्रंथ विकले गेले. या हानीमुळे संरक्षणाची गरज पटली. १८७१ मध्ये जुन्या वस्तूंच्या जतनाचा आदेश निघाला, १८९७ मध्ये प्राचीन मंदिरांविषयीचा कायदा झाला, आणि १९१९ मध्ये ऐतिहासिक अवशेष, रम्य स्थळे व नैसर्गिक स्मारके यांसाठी स्वतंत्र कायदा आला. या शेवटच्या कायद्यात 'रम्य स्थळ' यासाठी 'मेइशो' हा शब्द न घेता 'मेइश्यो' असा किंचित दीर्घ उच्चाराचा, दुसरे अक्षर वेगळे असलेला शब्द योजला आहे. त्यातील दुसऱ्या अक्षराचा अर्थ 'ठिकाण' नसून 'उत्कृष्टता' असा आहे. नामवंत जागेची जागा गुणसंपन्न दृश्याने घेतली. ज्यास संरक्षण द्यावयाचे त्याचे गुण तपासता आले पाहिजेत, ही कायद्याची निकड त्यात उमटली आहे.

तपासणीच्या या युगात तागाची शिळा संशयास पात्र ठरली. आसाकारिच्या पदव्या राजकीय बखरीशी जुळत नाहीत, अक्षरांचे वळण शंकास्पद आहे, आणि गडाच्या ७२४ मधील स्थापनेचा उल्लेख बखरीत नाही, असे आक्षेप मेइजि काळात घेतले गेले. सेंदाइच्या राज्यकर्त्यांनी आपल्या प्रदेशास काव्यातील स्थळ लाभावे म्हणून ही शिळा बनवून घेतली असावी, असाही तर्क पुढे आला. नाव खोटे ठरल्यामुळे दगडही खोटा असावा, असा हा कल होता.

या प्रश्नाचा निकाल उत्खननाने लावला. १९६० नंतरच्या दशकांत तागा गडाचे पद्धतशीर संशोधन झाले. शासकीय इमारती आठव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रथम उभ्या राहिल्या आणि त्या शतकाच्या मध्यास त्यांची मोठी पुनर्रचना झाली, असे त्यातून निष्पन्न झाले. शिळेवरील दोन्ही वर्षांशी हे जुळते. बखरीत नसलेली आणि सतराव्या शतकातील कोणासही ठाऊक असणे शक्य नसलेली माहिती शिळेवर होती; तेव्हा ती बनावट असणे संभवत नाही. १९९८ साली शिळा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंदली गेली आणि २०२४ साली, गडाच्या स्थापनेस १३०० वर्षे पूर्ण होत असताना, तिला राष्ट्रीय संपदेचा दर्जा मिळाला.

६

येथे वस्तूचा विजय झाला व नावाचा पराजय झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वस्तूवरच सर्व भार टाकण्यातील धोका नारा प्रांतातील होर्यूजी मठाने दाखवून दिला आहे. तेथील सुवर्णमंडपाच्या भिंतींवरील चित्रांची तुलना अजिंठ्याच्या चित्रांशी फार पूर्वीपासून होत आली आहे. १९१७-१८ मध्ये अजिंठ्यास येऊन तेथील चित्रांच्या नकला करणारा चित्रकार अराइ कान्पो यानेच १९४० पासून होर्यूजीच्या चित्रांच्या नकलांचे काम अंगावर घेतले होते. अजिंठ्याच्या त्या नकला १९२३ च्या भूकंपात तोक्यो येथे जळाल्या, आणि नकलांचे काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजीची मूळ चित्रेही आगीत होरपळली. १९५० चा सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा या आघातातूनच आला. आज मंडपात दिसतात ती चित्रे १९६७-६८ मध्ये नव्याने काढलेली आहेत.

याउलट इसे येथील शिंतो देवालय सातव्या शतकाच्या अखेरीपासून, मध्ययुगातील दीर्घ खंड सोडला तर, दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर नव्याने बांधले जाते. २०१३ मधील बांधणी बासष्टावी होती. तेथे लाकूड नवे असते, पण नाव, आकार आणि सुतारकामाची रीत जुनी असते. इसेचा यात्रेकरू आपण जुने देवालय पाहिले असेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे चुकीचे ठरविता येत नाही. होर्यूजीस हा उपाय लागू नाही. तेथे हात आणि रंग हेच मूळ होते.

तागाच्या शिळेस शेवटी कायद्याने दोन्ही बाजूंनी मान्यता दिली. २०१४ साली 'ओकु नो होसोमिचि'तील स्थळांची 'रम्य स्थळे' म्हणून जी नोंदणी सुरू झाली, तीत ही शिळा 'त्सुबो नो इशिबुमि' या काव्यनामानेच आली आहे. राष्ट्रीय संपदांच्या यादीत मात्र ती 'तागा गडाची शिळा' आहे. पहिली नोंद ज्या नावाने शतकानुशतके प्रवासी तेथे आले त्या नावाची आहे. दुसरी त्या दगडाची. १९४९ साली दूर उत्तरेस आओमोरि प्रांतात 'जपानचा मध्य' ही अक्षरे असलेला एक दगड सापडला, आणि त्यालाही त्सुबो नो इशिबुमि म्हणून पाहावयास लोक जातात.

बाशो चुकीच्या नावाने खऱ्या शिळेपुढे उभा राहिला होता. त्या नावाचा लौकिक नसता तर सतराव्या शतकातील विद्वानांनी व राज्यकर्त्यांनी त्या दगडाची एवढी काळजी वाहिली असती काय, आणि त्यावरील छप्पर उभे राहिले असते काय, याचा विचार स्थळांच्या खरेपणाची चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाने अवश्य केला पाहिजे. नाव तपासून पाहणे हे संशोधनाचे कर्तव्य आहे. परंतु तपासावयास वस्तू शिल्लक राहिली, तिचे बरेचसे श्रेय त्या नावाकडेच जाते.